पाच ते पन्नास बोर्ड: पुण्यात एसएमडी प्रोटोटाइप असेंबल करून घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फक्त पाच-दहा बोर्डांचं काम कोणी घेतं का?

घेतात. (एसएमडी म्हणजे भोकातून पाय न घालता बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे पार्ट.) भोसरी, चिंचवड, हडपसर या भागांत मोठ्या लाइनवाल्यांबरोबर लहान युनिटंही आहेत. मोठ्या लाइनवाल्याला पाच बोर्डांसाठी चालू काम थांबवणं परवडत नाही, त्यामुळे तिथून नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. लहान युनिटला फोन कराल तेव्हा दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा: कट टेप (पूर्ण रीलऐवजी पार्टच्या टेपचा कापलेला तुकडा) चालेल का, सगळ्यात बारीक पार्ट कोणता बसवता, बीजीए (पोटाखाली कथिलाचे गोळे असलेली चिप) असेल तर एक्स-रेची सोय आहे का, आणि पहिला बोर्ड तपासल्यावरच पुढचे करता का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर दर कितीही कमी असो, पुढचं युनिट शोधा.

दहा बोर्डांना प्रत्येकी एवढे पैसे, आणि शंभर घेतले तर दर एकदम खाली. असं का?

कारण पैसे पार्ट बसवण्याचे नसतात, तयारीचे असतात. एका बोर्डावर १२० पार्ट धरा. दहा बोर्डांचे झाले १,२००. ताशी ५,००० पार्ट बसवणारं साधं मशीन हे काम पंधरा मिनिटांत उरकतं. पण तेच १२० पार्ट ३५ वेगवेगळ्या प्रकारांचे असतील तर ३५ फीडर (मशीनला टेपमधून पार्ट पुरवणारे भाग) भरायचे, प्रत्येकाची जागा आणि दिशा मशीनला सांगायची. एका फीडरला चार मिनिटं धरली तरी १४० मिनिटं गेली. शिवाय स्टेन्सिल (पॅडवर सोल्डर पेस्ट छापायचा भोकांचा पत्रा), प्रोग्रॅम, ओव्हनचं प्रोफाइल (तापमान कसं चढवायचं ते) आणि पहिल्या बोर्डाची तपासणी आहेच. बोर्ड दहा असोत की शंभर, हा खर्च तेवढाच राहतो.

म्हणून खर्च कमी करायचा असेल तर पार्टची संख्या नव्हे, प्रकारांची संख्या कमी करा. पुल-अपसाठी एकीकडे ४.७ किलोओहम, दुसरीकडे ५.१ आणि तिसरीकडे १० असं विनाकारण झालेलं असतं. सर्किटला चालत असेल तिथे एकच किंमत ठेवा. डिकपलिंगचे १०० नॅनोफॅरड कपॅसिटर दोन आकारांत असतील तर एका आकारात आणा. पार्टच्या यादीतल्या ३५ ओळींच्या २२ झाल्या की कोटेशनमध्ये फरक दिसतो.

मग हातानेच का बसवू नये?

तीन बोर्ड, प्रत्येकी पन्नास-साठ पार्ट, सगळे ०६०३ (पार्टच्या आकाराचा आकडा; ०४०२ त्याहून लहान) किंवा त्याहून मोठे, असं असेल तर हातानेच बसवा. स्टेन्सिल, पेस्ट, चांगला चिमटा आणि हॉट प्लेट एवढ्यावर काम होतं. बोर्ड पाचाच्या पुढे गेले, ०४०२ आले किंवा ०.५ मिमी पिचचा (पिच म्हणजे शेजारच्या दोन पायांमधलं अंतर) क्यूएफएन (पाय बाहेर न आलेली चपटी चिप) आला की हाताने बसवताना चुका वाढतात. मग डिझाइन चुकलं की सोल्डरिंग, हेच कळेनासं होतं आणि प्रोटोटाइपचा उद्देशच हरवतो.

कोणत्या फाइल पाठवायच्या?

गर्बर (बोर्डाच्या प्रत्येक थराच्या चित्राच्या फाइल), त्यात दोन्ही बाजूंचे पेस्ट लेयर हवेतच. बीओएम (पार्टची यादी) एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये. पिक अँड प्लेस फाइल, म्हणजे प्रत्येक पार्टचं नाव, एक्स, वाय, कोन आणि बाजू, मिलिमीटरमध्ये. आणि असेंब्लीचं ड्रॉइंग पीडीएफमध्ये, ज्यात प्रत्येक आयसीचा पिन १ आणि प्रत्येक डायोडची दिशा डोळ्यांना दिसेल. हे शेवटचं बहुतेक जण पाठवत नाहीत, आणि सगळ्यात जास्त फोन त्यावरूनच होतात.

किकॅड (बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर दोन ठिकाणी लक्ष द्या. पोझिशन फाइल (म्हणजेच वरची पिक अँड प्लेस फाइल) काढताना ‘फक्त एसएमडी’ हा पर्याय निवडला, तर ज्या फुटप्रिंटचा (बोर्डावरच्या पार्टच्या पॅडचा आराखडा) प्रकार एसएमडी म्हणून नोंदलेला नाही ते गुपचूप गळतात. स्वतः बनवलेल्या फुटप्रिंटच्या बाबतीत हे हमखास घडतं. म्हणून फाइलमधल्या ओळी मोजा आणि बीओएमशी ताडून बघा. दुसरं म्हणजे ओरिजिन (मोजमापाचा शून्य बिंदू). तो बोर्डाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यावर ठेवा, आणि गर्बर व पोझिशन फाइल दोन्ही त्याच ओरिजिनवरून काढा.

बीओएम कशी असावी?

प्रत्येक ओळीत उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर हवा. ‘१० मायक्रो, ०८०५’ एवढ्यावर व्होल्टेज कळत नाही आणि डायइलेक्ट्रिकही कळत नाही. पूर्ण नंबर का, ते एका उदाहरणावरून बघा. विनबाँडची ३२ मेगाबिटची फ्लॅश घ्या. डब्ल्यू२५क्यू३२जेव्ही या नावापुढे ‘एसएस’ असेल तर आठ पायांचं २०८ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रुंदीचं पॅकेज येतं, ‘एसएन’ असेल तर १५० मिलचं. चिप तीच, पाय आठच, पण एकाच्या पॅडवर दुसरी बसत नाही. बीओएममध्ये नुसतं ‘डब्ल्यू२५क्यू३२’ लिहिलं असेल तर खरेदी करणारा जी मिळेल ती आणतो, आणि त्यात त्याची चूक नसते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आकारांच्या नावांतही फसगत होते. इंचाच्या पद्धतीतला ०२०१ म्हणजे मेट्रिकमधला ०६०३, आणि आपण रोज ज्याला ०६०३ म्हणतो तो मेट्रिकमध्ये १६०८. चिनी किंवा जपानी डेटाशीटवरून मागवताना मिलिमीटरमधली मापं वाचा.

जो पार्ट बसवायचा नाही त्याची ओळ गाळू नका. तिच्यापुढे ‘बसवू नये’ असं लिहा. ओळ गायब असली की असेंब्लीवाल्याला ती चूक वाटते, तो फोन करतो आणि अर्धा दिवस जातो.

पार्ट ९० किंवा १८० अंशांनी फिरलेले का येतात?

शून्य अंश म्हणजे नेमकी कोणती दिशा, यावर सगळ्या लायब्ररींचं एकमत नाही. तुमच्या फुटप्रिंटमध्ये पिन १ वर डावीकडे असेल, रीलमध्ये तीच चिप आडवी पडलेली असेल. खालच्या बाजूच्या पार्टचा कोन काही सॉफ्टवेअर वरून बघून देतात, काही खालून. चांगला असेंब्लीवाला प्रोग्रॅम करताना प्रत्येक आयसीचा कोन डोळ्यांनी जुळवून घेतो, पण त्यासाठी बोर्डावर पिन १ची खूण दिसायला हवी. ही खूण चिपच्या अंगाखाली छापली तर पार्ट बसल्यावर ती दिसतच नाही, म्हणून ती बाहेर ठेवा.

डायोड आणि एलईडीची दिशा कशी सांगावी?

सिल्कवर (बोर्डावर छापलेल्या अक्षरांच्या थरावर) ‘+’ लिहू नका, कॅथोडच्या बाजूला ‘के’ हे रोमन अक्षर लिहा. पट्टीचा अर्थ पार्टगणिक बदलतो. डायोडवरची पट्टी म्हणजे कॅथोड. टँटलम कपॅसिटरवरची पट्टी म्हणजे पॉझिटिव्ह. ॲल्युमिनियमच्या डबीवरचा काळा भाग म्हणजे निगेटिव्ह. टँटलम उलटा बसला तर पॉवर दिल्यावर तो पेट घेऊ शकतो, तेव्हा या पार्टच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून तपासणी हवी. एलईडीवरच्या हिरव्या ठिपक्याचा किंवा त्रिकोणाचा अर्थ कंपनीगणिक वेगळा, म्हणून त्या नंबरच्या डेटाशीटचं ते पान सोबत जोडा.

पार्ट किती जास्त द्यायचे?

मोजून दहा बोर्डांचे दिलेत तर काम अडकणार. फीडरमध्ये टेप पकडायला पुढे काही लांबी लागते, ती साधारण २५ ते ३० सेंटिमीटर धरा. ०६०३ चे पार्ट टेपवर ४ मिमी अंतरावर असतात, म्हणजे २५ सेंटिमीटरमध्ये ६२ आले. ०४०२ मध्ये अंतर २ मिमी, म्हणजे १२५. हे सगळे वाया जात नाहीत, पण टेप एवढी लांब आणि सलग हवी. पाच-पाच पार्टचे आठ तुकडे आणून दिले तर त्यांचा मशीनला उपयोग नाही.

ढोबळ हिशेब असा: रेझिस्टर आणि लहान कपॅसिटर किमान शंभर जास्त, कारण ते स्वस्त आहेत. ट्रान्झिस्टर, डायोड दहा-पंधरा जास्त. आयसी बोर्डांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्त. महाग आयसी एकच जादा असेल तर तसं आधी सांगा, म्हणजे ती हाताने किंवा ट्रेमधून बसवतात.

प्रत्येक टेप वेगळ्या पिशवीत ठेवून वर पार्ट नंबर आणि बोर्डावरची नावं लिहा. आयसीसाठी चंदेरी शील्डिंग पिशवीच घ्या. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज धरत नाही, पण बाहेरून आलेला स्थिर विजेचा झटका अडवत नाही.

पार्ट तपकीर गल्लीतून घेतले तर चालतील का?

कनेक्टर, हेडर, वायर, स्विच, हीटसिंक, खोकं यांच्यासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली फार सोयीची आहे. हातात घेऊन बघता येतं आणि आज लागलं तर आज मिळतं. मायक्रोकंट्रोलर, पॉवर आयसी, मॉसफेट मात्र अधिकृत वितरकाकडून बिलासह घ्या. सुट्या आयसीचा मूळ कारखाना, तारीख आणि ती कशी साठवली होती याचा माग लागत नाही. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी किमतीत धरली आहे की कुरिअरवाला दारात मागणार, हे ऑर्डर देतानाच बघा.

स्टेन्सिल किती जाडीची?

बहुतेक बोर्डांना ०.१२ मिमी. ०.४ मिमी पिच किंवा बारीक बीजीए असेल तर ०.१ मिमी. भोकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ भागिले त्याच्या भिंतींचं क्षेत्रफळ हे गुणोत्तर ०.६६ च्या वर हवं. खाली गेलं की पेस्ट भोकातच चिकटून राहते, पॅडवर उतरत नाही. गोल भोकासाठी सूत्र सोपं आहे: व्यास भागिले जाडीची चौपट. ०.३ मिमीचं भोक ०.१२ च्या पत्र्यात केलं तर ०.६२५ येतं, म्हणजे कमी पडतं. तेच ०.१ च्या पत्र्यात ०.७५ येतं. हा हिशेब स्टेन्सिल कापायच्या आधी करायचा.

एकेक बोर्ड द्यावा की पॅनेल?

पॅनेल, म्हणजे अनेक बोर्ड जोडलेला एकच पत्रा. मशीनच्या रुळांना धरायला दोन समोरासमोरच्या कडांना ५ मिमीची पट्टी हवी. फिड्युशियल (मशीनला जागा ओळखायच्या खुणा) किमान तीन: १ मिमीचा तांब्याचा गोल ठिपका, भोवती २ ते ३ मिमी व्यासापर्यंत मास्क (बोर्डावरचा रंगीत लेप) काढलेला. चौरस पॅनेलवर तिन्ही खुणा समान अंतरावर ठेवू नका, नाहीतर पॅनेल उलटं घातलं तरी मशीनला पत्ता लागत नाही.

व्ही-कटजवळ (पॅनेलमधून बोर्ड तोडायच्या खाचेजवळ) सिरॅमिक कपॅसिटर ठेवायचा असेल तर तो कटच्या रेषेला समांतर ठेवा आणि कटपासून निदान ३ ते ५ मिमी दूर. आडवा ठेवला तर बोर्ड तोडताना त्याला तडा जातो. तडा डोळ्यांना दिसत नाही, बोर्ड त्या दिवशी चालतो आणि काही आठवड्यांनी तिथे शॉर्ट होतो. या पार्टवर बॅटरी जोडलेली असेल तर प्रकरण गंभीर होतं. म्हणून व्ही-कटचं पॅनेल हाताने गुडघ्यावर मोडू नका.

बोर्डाचं फिनिश कोणतं?

०.५ मिमी पिच किंवा बीजीए असेल तर ईएनआयजी (पॅडवर सोन्याचा पातळ, सपाट मुलामा), नाहीतर एचएएसएल (गरम सोल्डरचा थर) चालतं. एचएएसएलमध्ये पॅडवर कथिलाचा उंचवटा राहतो, त्यावर बारीक पायांची चिप डुलते.

क्यूएफएन नीट का बसत नाही?

दहांतल्या आठ वेळा दोष मधल्या मोठ्या पॅडवर असतो. त्या पॅडएवढं एकच भोक स्टेन्सिलला ठेवलं तर पेस्ट जास्त होते, वितळल्यावर चिप तरंगते आणि कडेचे पाय पॅडला टेकत नाहीत. भोक खिडकीसारखं चार किंवा नऊ चौकोनांत विभागा, आणि पेस्ट पॅडच्या ५० ते ७० टक्के भागावरच येऊ द्या. त्या पॅडमध्ये उघडे व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी बारीक भोकं) असतील तर उलटं होतं. पेस्ट त्यांतून खाली गळते, मध्ये पोकळी राहते आणि खालच्या बाजूला कथिलाचे गोळे तयार होतात. दुसऱ्या बाजूला पेस्ट छापायची असेल तेव्हा हे गोळे स्टेन्सिलला बोर्डावर सपाट बसू देत नाहीत. व्हाया ०.३ मिमी किंवा लहान ठेवा, जमलं तर भरून घ्या.

पावसाळ्यात वेगळी काळजी लागते का?

लागते, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर ती गंभीरपणे घ्या. आयसीचं प्लास्टिक हवेतली आर्द्रता शोषतं. ओव्हनमध्ये तिची वाफ होते आणि पॅकेज आतून फाटतं, लाहीसारखं. आर्द्रतेची पातळी (एमएसएल, म्हणजे पार्ट आर्द्रतेला किती नाजूक आहे त्याचा आकडा) ३ असलेला पार्ट पिशवी उघडल्यावर १६८ तास बाहेर राहू शकतो, पण ३० अंश से. आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. भर श्रावणात उघड्या खिडकीच्या खोलीत ही अट पाळलीच जात नाही. पातळी ४ ला ७२ तास, ५ ला ४८, ५ए ला २४.

ईएसपी३२ (वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर) ची मॉड्यूल पातळी ३ ची आहेत. पिशवी उघडून दोन काढली, उरलेली टेबलावर पडून राहिली, महिन्याने तीच असेंब्लीला दिली, हे फार सर्रास होतं. अशा वेळी ‘पिशवी अमुक तारखेला उघडली’ एवढं तरी लिहून द्या. ट्रेमधले पार्ट १२५ अंशांवर भाजता येतात. टेपवरचे नाही, कारण टेपचं प्लास्टिक तेवढं तापमान सोसत नाही. ते ४० अंशांवर कोरड्या हवेत कित्येक दिवस ठेवावे लागतात. म्हणजे घाई असेल तर नवे घेणंच बरं.

पेस्टचंही तसंच. ती फ्रिजमध्ये २ ते १० अंशांवर राहते. बाहेर काढून डबी बंद ठेवूनच साधारण चार तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. गार डबी उघडली की आत दव धरतं आणि रिफ्लोमध्ये (ओव्हनमध्ये पेस्ट वितळवताना) कथिलाचे बारीक गोळे उडतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी उलटा त्रास: तेव्हा हवा कोरडी आणि स्थिर वीज जास्त, मनगटपट्टा घातल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका.

शिसंवालं सोल्डर की बिनशिशाचं?

६३/३७ (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं) हे १८३ अंशांना वितळतं, ओव्हनचं शिखर २१० ते २२० पुरतं. एसएसी३०५ म्हणजे ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी, ०.५ टक्का तांबं. ते २१७ ते २२० ला वितळतं आणि शिखर २४० च्या आसपास लागतं. बोर्ड फक्त तुमच्या टेबलावर राहणार असेल तर शिसंवालं दुरुस्तीला सोपं. पण बिनशिशाच्या गोळ्यांची बीजीए असेल तर शिसंवाली पेस्ट वापरू नका, २१५ अंशांना गोळे पूर्ण वितळत नाहीत आणि जोड अर्धवट राहतो. माल विकायचा असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का आहे. तेव्हा प्रोटोटाइपही त्याच प्रक्रियेने करून बघा.

स्वस्त कनेक्टर आणि टॅक्ट स्विच २४० अंशांत वाकतात. त्यांची डेटाशीट आधी वाचा.

लहान रेझिस्टर एका पायावर उभे का राहतात?

एका टोकाचं कथिल आधी वितळतं आणि ओढून पार्ट उभा करतं. कारण बहुतेक वेळा लेआउटमध्ये असतं: एक पॅड ग्राउंडच्या सलग तांब्यात बुडालेलं, दुसऱ्याला बारीक ट्रॅक. ग्राउंडच्या पॅडला थर्मल रिलीफ (सलग तांब्याऐवजी बारीक पट्ट्यांनी जोड) द्या. ०४०२ मध्ये हे जास्त दिसतं. ओव्हनमध्ये १५० ते २०० अंशांच्या टप्प्याला थोडा वेळ वाढवून फरक पडतो, पण मुळातला दोष लेआउटमध्येच सुधारा.

दोन्ही बाजूंना पार्ट असतील तर?

हलके पार्ट आधी, जड पार्ट दुसऱ्या फेरीत. दुसऱ्या फेरीत खालचे पार्ट वितळलेल्या कथिलाच्या ताणावर लटकून राहतात, त्यामुळे मोठा इंडक्टर तिथे ठेवू नका. ईएसपी३२ चं मॉड्यूल नेहमी शेवटच्या फेरीत. ते एकदाच रिफ्लो करावं असं उत्पादक सांगतो. प्रोटोटाइपला शक्यतो सगळं एका बाजूला बसवा, एक स्टेन्सिल आणि एक सेटअप वाचतो.

बोर्ड धुवून घ्यावेत का?

नो-क्लीन (धुतली नाही तरी चालणारी) पेस्ट असेल तर गरज नाही. उच्च व्होल्टेज किंवा फार सूक्ष्म करंट मोजायचा असेल, अथवा वर लॅकर लावायचं असेल तर धुवा. पण बझर, उघडा रिले, आर्द्रतेचा सेन्सर, मेम्स मायक्रोफोन बोर्डावर असतील तर ते धुतल्यानंतर बसवायला सांगा. क्रिस्टल असलेल्या बोर्डाला अल्ट्रासॉनिक टाकीत घालू नका.

पहिल्या बोर्डावर काय तपासतात?

०४०२ च्या कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. एकदा चुकीची टेप चढली की दहाही बोर्डांवर तीच चूक. म्हणून पहिल्या बोर्डावर प्रत्येक प्रकारचा निदान एक पार्ट एलसीआर मीटरने (रेझिस्टर, कपॅसिटरची किंमत मोजणाऱ्या) मोजायचा, ओव्हनमध्ये घालण्याआधी. मग दिशा, मग रिफ्लोनंतर भिंगाखाली जोड. ‘आयपीसी-ए-६१० क्लास २ प्रमाणे’ (असेंब्लीच्या दर्जाचं मानक) असं ऑर्डरवर लिहिलं की काय चालेल आणि काय नाही यावर वाद होत नाहीत. जमलं तर या वेळी स्वतः तिथे हजर राहा.

पार्ट आम्ही दिले तर कागदपत्रं काय?

जीएसटी नोंदणी असेल तर जॉब वर्कचं डिलिव्हरी चलन करा, त्यात पार्ट आणि संख्या लिहा. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे दिलेला माल एका वर्षात परत यायला हवा. उरलेल्या टेप मागून घ्या, त्या चलनात असतात आणि पुढच्या वेळी लागतात. नोंदणी नसलेल्या विद्यार्थ्यांनी निदान दोन्हीकडच्या सहीची यादी ठेवावी.

किती दिवस लागतात?

किट पूर्ण असेल तर प्रत्यक्ष काम एक-दोन दिवसांचं. उशीर होतो तो एका न आलेल्या पार्टमुळे. ‘बाकी सुरू करा, तो नंतर देतो’ असं म्हणू नका, त्याने सेटअप दोनदा होतो. शिवाय भोसरी-पिंपरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारी नव्हे, गुरुवारी असते. एआरएआयला (वाहनांच्या चाचण्या करणारी पुण्यातली संस्था) चाचणीची तारीख घेतली असेल तर उलटं मोजताना हा गुरुवार धरा.

बोर्ड हातात आल्यावर पहिल्यांदा पॉवर कशी द्यायची?

आधी पॉवर न देता प्रत्येक रेल (पॉवरची लाइन) आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजा. सगळ्या बोर्डांचे आकडे लिहा. नऊ बोर्डांवर काही किलोओहम आणि एकावर दोन ओहम आले तर तो बाजूला ठेवा. मग करंट मर्यादा ५० ते १०० मिलिॲम्पियरवर ठेवून सप्लाय द्या. ईएसपी३२ असेल तर वाय-फाय सुरू होताना ही मर्यादा अपुरी पडते आणि चिप वारंवार रीसेट होते. तेव्हा रेल ठीक आहेत हे दिसल्यावर मर्यादा ५०० च्या वर न्या. शॉर्ट सापडत नसेल तर बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरा, जिथून ते आधी उडतं तिथे गरम पार्ट आहे.

दोष सापडला तर आपणच सोल्डर करून टाकावं का?

लगेच नको. आधी भिंगाखाली फोटो घ्या, बाणाचं स्टिकर लावा, आणि बोर्ड आहे तसा असेंब्लीवाल्याकडे न्या. सोल्डरिंग आयर्न एकदा टेकवलं की पेस्ट कमी पडली होती, पार्ट सरकला होता की पॅडच खराब होतं, हे कोणालाच सांगता येत नाही.